खडपावरचा दिवा आणि माझी फितुरी

लढायांचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाने निदान एकदा तरी बंदुकीचा बार जवळून ऐकलेला असावा, अशी वाचकांची माफक अपेक्षा असते. मी दिवाळीत कानात बोटं घालून घराच्या मागच्या दाराशी उभा राहणारा माणूस आहे. तरी माझ्या नावावर चार पुस्तकं आहेत, चारही आमच्या किनाऱ्यावरच्या लढायांची. नोकरी हायस्कुलात. वर्षभर मुलांना सनावळ्या शिकवायच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, मुलं आंबे खात असताना, दफ्तरखान्यात बसून मोडी कागदांची धूळ खायची. गाव माझं आतलं, भातशेतीचं. नोकरीसाठी किनाऱ्यावर आलो, इथलीच बायको केली आणि इथलाच झालो, असा माझा समज होता.

पहिल्या पुस्तकात मी धक्क्याजवळ जमिनीत उभी पुरलेली एक तोफ शोधून काढली. तिच्यावर सव्वा पान लिहिलं. ती कुठल्या गलबतावरची असावी, तिचा गोळा किती लांब जात असावा, सगळं. पुस्तक आल्यावर बंदरात आयुष्य काढलेला एक म्हातारा खलाशी घरी आला. चहा प्यायला आणि उठता उठता म्हणाला की तो खांब त्याच्या डोळ्यांदेखत पुरला होता, लाँच बांधायला. माझं तोंड बघून त्याला वाईट वाटलं असावं, कारण फाटकातून मागे वळून त्याने सांगितलं की आतून पोकळ आहे हे मात्र खरं.

दुसऱ्या पुस्तकाने त्याची भरपाई केली. आमच्या खाडीच्या तोंडावर एक छोटा किल्ला आहे. तो वेढ्यात पडला, त्या वेळचं तिथल्या हवालदाराचं, म्हणजे किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याचं, एक पत्र मला सापडलं. पत्रातला मजकूर असा, की पौषातल्या अमावास्येला तिन्हीसांजेच्या वेळी किल्ल्याबाहेरच्या खडपावर, म्हणजे पाण्यातल्या मोठ्या खडकावर, दिवा दिसला. माणसं धावली. दिव्याजवळ तरीवरच्या, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या नावेच्या, घरातला एक पुरुष उभा होता. दिवा कोणासाठी लावलास, असं त्याला तीनदा विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शत्रूची गलबतं त्याच खडपाजवळच्या वाटेने आत आली आणि किल्ला गेला.

पत्र एवढंच सांगतं. बाकीचं मी सांगितलं. तीनदा विचारूनही जो तोंड उघडत नाही त्याच्या तोंडात काय असणार, असा सवाल मी केला आणि पुढच्याच वाक्यात जवाबही देऊन टाकला: शत्रूचं मीठ. प्रकरणाला नाव दिलं ‘दिव्याची फितुरी’. तालुक्याच्या वाचनालयात त्या प्रकरणासाठी मला शाल आणि नारळ मिळाला. नारळाची सोलकढी झाली. शाल कसरीने खाल्ली. प्रकरण तेवढं शाबूत राहिलं.

पत्रात माणसाचं नाव नाही, पण घर आहे. पूर्वी खाडी ओलांडायला जी तर चालायची, ती चालवणारं घर. ते घर आजही खालच्या वाडीत, तरीच्या जागीच आहे. तर गेली, पूल झाला आणि त्या घरातला तांडेल आता पर्यटकांना होडीतून किल्ला दाखवतो. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, कमी बोलणारा माणूस. पुस्तक येऊन वीसेक वर्षं झाली होती. रस्त्यात भेटला की तो मान हलवायचा, मीही हलवायचो. त्याने पुस्तक वाचलं असेल असं मला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाटू नये याची मी काळजी घेतली.

मग तारकर्लीला आलेले पर्यटक इकडेही वळायला लागले आणि ग्रामपंचायतीने ठरवलं की धक्क्यावर किल्ल्याच्या इतिहासाचा बोर्ड लावायचा. मजकूर अर्थातच माझ्या पुस्तकातला. सरपंचांनी स्वतः निवडलेल्या ओळींत तरीवरच्या घराचा फितूर होताच. बोर्डाची जागा ठरली ती तांडेलाची होडी बांधतात तिथे, अगदी वर. म्हणजे रोज सकाळी त्याने लोकांना हात देऊन होडीत घ्यायचं आणि लोकांनी बसता बसता त्याच्या डोक्यावरची पाटी वाचायची, की याचा पूर्वज फितूर होता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. आलं होतं. मी मनात म्हटलं, इतिहास म्हणजे इतिहास.

पुढच्या बुधवारी तांडेल आमच्या दारात. हातातल्या पिशवीत पेडवे मासे, ताजे, डोळे लाल नसलेले. ‘घरात द्या,’ म्हणाला, खुर्चीच्या कडेवर टेकला, दहा मिनिटं माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत राहिला आणि गेला. बोर्डाविषयी अक्षर नाही.

मी पेडवे खाल्ले नाहीत. आधी मांजराला घातले. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो. मांजराने आणखी मागितले तेव्हा बायकोने पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं की तुमी मांजराचे डॉक्टर कधी झालास.

पुढच्या बुधवारी बांगडे. त्याच्या पुढच्या बुधवारी मोरी मासा. आता संशय नुसता राहिला नव्हता, त्याचं शास्त्र झालं होतं. आयुष्यभर मी रसद, लाच, हेर आणि सुरुंग यांच्यावर लिहीत आलेला माणूस. दर बुधवारी रसद येते म्हणजे मागे स्वारी असणारच. मासे घालून हा माणूस मला मऊ करतोय आणि एक दिवस म्हणणार, मास्तर, ती ओळ काढा. त्या दिवशी काय उत्तर द्यायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. पुराव्याला कालवण चालत नाही, असं ते वाक्य होतं. रोज आंघोळ करताना म्हणून बघायचो. पण तो म्हणायलाच तयार नाही. यायचा, टेकायचा, कपाटाकडे बघायचा. त्या कपाटात खालच्या खणात त्या पत्राची नक्कल होती. मी खणाला कुलूप घातलं. त्याने कुलपाकडेही तेवढाच वेळ बघितलं.

एकच गोष्ट तो विचारायचा. उठताना, दारात उभा राहून. ‘पौषी अवस कदी पडता, मास्तरानू?’

पहिल्यांदा मी कॅलेंडरात अमावास्या बघून सांगितली. पुढच्या आठवड्यात त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र माझे कान उभे राहिले. भरती-सुकतीवर जगणारा माणूस. याला उठल्या उठल्या पाण्याकडे बघून तिथी कळते, आणि हा माझ्यासारख्या भातवाल्याला अवस विचारतो? बायकोला म्हटलं, यात काहीतरी आहे. ती खोबरं खवत होती. म्हणाली, ‘आसा मा. तुमका दिसना नाय, ता वेगळा.’ मी तिला पुढे विचारलं नाही. ती खालच्या वाडीतली, तांडेलाच्या घराला लागून तिचं माहेर. मला वाटलं, तीही त्यांना मिळालेली. फितुरीवर पुस्तक लिहिलं की हे असं होतं, घरातही तटबंदी घालावी लागते.

अवसेच्या आदल्या बुधवारी तांडेल आला नाही. मासे नाहीत, चौकशी नाही. मी निष्कर्ष काढला की माणूस काहीतरी करणार आहे आणि ते अवसेलाच करणार आहे. काय करणार, याचे माझ्याकडे तीन तर्क होते. एक, खडपाखाली काही पुरलेलं आहे आणि तो ते उकरणार. दोन, बोर्डासाठी पुरलेले खांब उपटणार. तीन, मला खडपावर ओढून नेऊन काहीतरी करणार. तिसरा तर्क मला सर्वांत पटत होता, यावरून माझा स्वतःविषयीचा अंदाज कळावा.

अवसेच्या दिवशी पाच वाजता मी गळ्यात दुर्बीण अडकवून माडांच्या आड उभा राहिलो. पाणी खूप मागे गेलं होतं. एरवी पाण्यात असणाऱ्या खडपापर्यंत आता ओल्या दगडांची वाट उघडी पडली होती. थोड्या वेळाने तांडेल आला, एकटा, धुतलेला पांढरा पंचा नेसून, उघड्या अंगाने. हातात झाकलेली परडी. आजूबाजूला न बघता तो त्या वाटेने चालत निघाला. परडी बघितल्यावर माझा पहिला तर्क पक्का झाला. मी पाठोपाठ निघालो.

भरती-सुकतीवर मी दुसऱ्या पुस्तकात अकरा पानं लिहिली आहेत. हल्ला कोणत्या वेळी सुरू झाला असेल ते तक्त्यासह. ती अकरा पानं लिहिणाऱ्याने त्या संध्याकाळी पाणी परत केव्हा येणार याचा विचार केला नाही. शेवाळावर दोनदा बसलो. कालवांच्या शिंपांच्या धारेने तळपाय कापला. एक चप्पल दगडांच्या फटीत गेली ती अजून तिथेच असेल, शंभर वर्षांनी कोणीतरी तिच्यावर सव्वा पान लिहील.

खडपावर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. तांडेलाने दगडातल्या एका खोबणीत दिवली ठेवली होती, शेजारी नारळ आणि जास्वंदीचं फूल. वात पेटलेली. तो हात जोडून उभा होता, तोंड समुद्राकडे. मी धापा टाकत त्याच्या समोर गेलो आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, ‘हे काय चाललंय?’

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोलला नाही.

मी म्हटलं, हे बघा, मला सगळं कळलंय. हे कोणासाठी चाललंय तेवढं सांगा. त्याने वाऱ्याच्या बाजूने हाताचा आडोसा केला, दिव्याला, आणि परत हात जोडले.

माझा पारा चढला. मनात म्हटलं, बघा, तोंड उघडत नाही. चोराला काय उत्तर असणार. आणि अगदी खालच्या पट्टीत, पोलिसासारखा, मी तिसऱ्यांदा विचारलं, ‘हा दिवा कोणासाठी लावलात?’

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला ते ऐकू आलं. हे वाक्य माझं नव्हतं. हे मी मोडीतून उतरवून काढलं होतं, माझ्या कुलपातल्या कागदावर होतं ते. पौष अमावास्या, तिन्हीसांज, खडप, दिवा, तरीवरच्या घरातला पुरुष, तीनदा विचारलं, उत्तर नाही. पुस्तकात मी मोठ्या हौसेने त्या तिथीची इंग्रजी तारीख काढली होती, जंत्र्या चाळून. शास्त्रशुद्ध दिसावं म्हणून सगळीकडे तारीखच छापली. सनासकटची तारीख एकदाच येऊन जाते. तिथी दरवर्षी येते. तांडेल दर बुधवारी माझ्या दारात उभा राहून मला अवस विचारत नव्हता, सांगत होता.

मी एका दगडावर बसलो.

तोवर वाट गेली होती. मागे वळून पाहिलं तर मी आलो ते दगड पाण्याखाली. अंधार पडलेला, चारी बाजूंनी पाणी, मधे दोन म्हातारे आणि एक दिवा. मी घाबरून काहीतरी बोललो. तांडेलाने ओठांवर बोट ठेवलं नाही, रागावला नाही, फक्त माझा दंड धरून मला वरच्या कोरड्या दगडावर बसवलं. तेल संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मी हयातीत इतका वेळ गप्प बसल्याचं आठवत नाही. दिवा विझला तशी त्याचा मुलगा होडी घेऊन आला. तोही बोलला नाही. मला बघून त्याला हसू आलेलं मात्र अंधारातही दिसलं.

त्याच्या घरी पोचल्यावर तांडेल उंबऱ्यात थांबला. त्याच्या बायकोने तांब्या आणला, त्याने चूळ भरली, दोन घोट पाणी प्यायला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘पायाक हळद लावा मास्तरानू, कालवाचा घाव चरता.’

सांगितलं ते थोडं, आणि तेही त्याने नाही, त्याच्या बायकोने. ती बाहेरून आलेली, तिला बोलायला मोकळीक. पाण्यातल्या राखणदाराला, म्हणजे खाडी राखणाऱ्या देवाला, दिवा लावायचा मान या घराकडे आहे. पौषातल्या अवसेला पाणी दिवेलागणीच्या सुमाराला सगळ्यात मागे जातं, पायांनी खडपावर जाता येतं, म्हणून ती तिथी. परडी उचलल्यापासून घरी येऊन पाणी पिईपर्यंत बोलायचं नाही. बोललं तर तो दिवा पोचला नाही. आणि घरातल्या पुरुषाने या मानाविषयी बाहेर कोणाला सांगायचं नाही. म्हणून बिचारे तुमच्याकडे येत नि अवस विचारीत, ती म्हणाली, मास्तर शिकलेले आसत, त्यांच्या ध्यानात येतला म्हणून.

माझ्यातला इतिहासकार अजून मेला नव्हता. लाज वाटत असतानाही तो विचारत होता, कशावरून ही चाल तेव्हाची? कशावरून किल्ला पडल्यानंतर, डाग धुवायला म्हणून, या घराने ती मागाहून सुरू केली नसेल? आणि चाल जुनी असली तरी शत्रूने तो दिवा बघून वाट हेरली नसेल कशावरून? हे मी बोलून दाखवलं. अशा वेळी बोलून दाखवणं हा माझा जुना रोग आहे.

तांडेलाने डोळ्यांवर पंचा फिरवला. ‘असात,’ म्हणाला. ‘माका काय म्हायत. पण त्येणा उत्तर दिल्यान नाय, मास्तरानू. ता तुमी दिलास.’

घरी आलो तर बायको हळद उगाळून बसलेली. म्हणजे हिला सगळं ठाऊक. मी विचारलं, तुला हा दिवा माहीत होता? ‘न्हानपणापासून बघतंय.’ मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, ‘तुमी कदी विचारलास? आणि तुमच्या पुस्तकात काय लिवलेला आसा, ता माका बोर्डाचा झाला तेव्हा कळला.’ वीस वर्षं ते पुस्तक आमच्या कपाटात होतं. शाळेतल्या मुलांनी वाचलं होतं, परीक्षकांनी वाचलं होतं. दफ्तरखान्यात मी आठ उन्हाळे काढले, आणि ज्या घराविषयी लिहिलं त्याला लागून असलेल्या घरात जावई म्हणून पाट मांडून जेवत होतो. तो हवालदार निदान घाटावरचा होता, नुकताच आलेला, वेढ्यात अडकलेला. त्याला विचारायला सवड नसेल. मला काय झालं होतं?

ग्रामसभेत मी उभा राहिलो. पंधरा दिवसांत बोर्ड लागायचा होता. मी सांगितलं की त्या दोन ओळी चुकीच्या आहेत, चूक माझी आहे आणि मजकूर बदलावा. सभेत एकदम शांतता झाली. आमच्या ग्रामसभेत शांतता म्हणजे लोकांना संशय आल्याची खूण. कोणीतरी मागून विचारलं, मास्तर, तरीवरून मासे किती आले? हशा झाला. मला राग आला, पण काय म्हणणार, हाच हिशोब मीही केला होता. सरपंच मात्र हसले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं की फितुराशिवाय किल्ला बघायला कोण येणार, लोकांना काहीतरी गोष्ट लागते. आणि एवढी वर्षं तुम्हीच तर सांगत होता, शाल तुम्हीच घेतलीत. मी म्हटलं, घेतली. परत करायला आणली असती, पण कसरीने ठेवली नाही.

तांडेल सभेत होता. शेवटच्या बाकावर. कोणीतरी त्याला म्हटलं, तू बोल काय ते. तो उठला आणि परत बसला. अवसेविषयी तो बोलणार नव्हता आणि मीही बोललो नाही. त्यामुळे माझ्या माफीला पुरावाच नव्हता. सभेने जे स्वीकारलं ते पुरावा म्हणून नव्हे, माझ्यावर दया म्हणून. खालच्या वाडीतल्या चार म्हाताऱ्या बायका, माझी सासू धरून, हात वर करून बसल्या आणि खाली करीनात, तेव्हा सरपंचांनी मजकूर बदलायचं कबूल केलं.

नव्या ओळी मी लिहिल्या. आयुष्यात लिहिलेल्या सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड. किल्ला पडण्यापूर्वी तिसऱ्या दिवशी पौष अमावास्येला खडपावर दिवा दिसला. दिव्याजवळच्या माणसाला तीनदा विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. तारीख घातली नाही. प्रकाशकाला कळवलं की पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण राहणार नाही. त्याने विचारलं, मग पुस्तकात राहतं काय?

बोर्ड लागला त्या बुधवारपासून मासे बंद झाले.

मी तीन बुधवार वाट पाहिली. संशय जुन्या नोकरासारखा असतो, काढून टाकला तरी मागच्या दाराने येऊन भांडी घासायला बसतो. म्हटलं, म्हणजे मासे बोर्डासाठीच होते तर. चौथ्या बुधवारी मी धक्क्यावर गेलो. तांडेल होडीत लोकांना बसवत होता. मी कठड्यावर टेकलो. त्याने मान हलवली, मी हलवली.

पुण्याकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांनी चष्मा वर करून बोर्ड मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीशी थांबले आणि तांडेलाला विचारलं, म्हणजे तो फितूर होता का?

तांडेल इंजिनाची दोरी गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे बोट केलं. ‘ह्ये मास्तर. ह्येंनीच लिवलेला आसा. ह्येंका विचारा.’

गृहस्थ माझ्याकडे वळले. त्यांनी परत विचारलं. माझ्याकडे चार पुस्तकांएवढी उत्तरं तयार होती, दोन्ही बाजूंची, तळटीपांसह. मी काही बोललो नाही. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी आणखी एकदा, मोठ्याने विचारलं. तांडेल दोरी तशीच धरून माझ्याकडे बघत होता.

मी गप्प बसून राहिलो. गृहस्थांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तांडेलाकडे, मग बायकोच्या कानाला लागून काहीतरी म्हणाले. या दोघांचं काहीतरी संगनमत आहे, असंच असणार. तांडेलाने दोरी ओढली आणि होडी खडपाकडे निघाली.